जिलबीचा उपास

आमच्या साहेबांच्या घरात जेवणाचा आग्रह करायला बंदी होती. "अजून थोडा भात घ्या" असं कुणी म्हटलं की ते पानावरून उठायचे, हात धुवायचे आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. मी राजापूरकडचा. आमच्याकडे पाहुण्याला नको नको म्हणताना तीनदा वाढलं नाही तर घरातल्या बाईला चैन पडत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात साहेब माझ्या हातचं जेवताना दोनदा अर्धपोटी उठले आणि मला वाटलं, गेली नोकरी.

"अहो, भूक ज्याची त्याची असते," ते म्हणाले. "तुम्ही कशाला मध्ये पडता?"

मला अहोजाहो करणारा हा पहिला साहेब. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. इथे आखातात आल्यापासून मला "ए", "ओये", "हबीबी, यल्ला" एवढ्याच नावांनी ओळखत होते. साहेब माणसांना अहो म्हणायचे, वॉचमनला अहो म्हणायचे, सापांनाही अहो म्हणायचे. संध्याकाळी ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी काचेच्या पेटीपाशी वाकून विचारायचे, "काय बाईसाहेब, आज बेत काय?"

बाईसाहेब म्हणजे जिलबी. चार फुटी परदेशी अजगर. हा जातीचा लाजरा साप. घाबरला की स्वतःचंच वेटोळं करतो आणि डोकं आत खुपसून बसतो. साहेबांच्या मुलीने ते वेटोळं बघितलं आणि नाव ठेवलं जिलबी. दुसरी होती चकली, तिच्याहून थोडी लहान आणि खादाड. एक इंग्रज सहकारी देश सोडून जाताना दोन्ही पेट्या साहेबांच्या दारात ठेवून गेला होता. साहेब नाही म्हणू शकले नाहीत. सापांच्या जिवाचा प्रश्न नसेल तर त्यांना कुणालाच नाही म्हणता यायचं नाही, हे मला पुढे कळलं.

त्यांनी मला घरी कसं आणलं तेही सांगायला हवं. मी अबुधाबीजवळच्या मुसफ्फाला ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणाऱ्या एका कंपनीत हेल्पर होतो. दोन हजार आठच्या क्रॅशनंतरचं वर्ष. एका इमारतीच्या पाच मजल्यांना आम्ही खिडक्या बसवल्या आणि सहाव्याला निरोप आला, खलास, काम बंद. कामगारांच्या कॅम्पमधून दर आठवड्याला माणसं घरी जायला लागली. साइटवर जायच्या बसमध्ये आधी उभं राहायला जागा नसायची. एके दिवशी मला खिडकीपाशी बसायला मिळालं आणि मी ओळखलं, आता पाळी माझी.

साहेब पुण्याचे, एका मोठ्या कॉन्ट्रॅक्टरकडे एस्टिमेटर. बंद पडलेल्या कामाची मापं घ्यायला ते आले होते. खिशात पेनऐवजी स्टीलची छोटी पट्टी. मी मराठीत पुटपुटताना त्यांनी ऐकलं.

"सापाची भीती वाटते का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "वाटते साहेब."

"छान. ज्याला वाटत नाही त्याला मी घरात घेत नाही. तो पेटी उघडी टाकतो."

त्यांचा पगार कापला होता म्हणून वहिनी आणि मुलगी कायमच्या पुण्याला निघाल्या होत्या. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका व्हिलाचा खालचा मजला त्यांच्याकडे होता. मला मागच्या गेटजवळची खोली मिळाली. स्वयंपाक, झाडलोट आणि सापांचं बघायचं. उम्म अल कुवैनला त्यांचे एक मित्र कामगारांच्या मेसचं स्वयंपाकघर चालवायचे, त्यांच्याकडे माझं नाव टाकतो म्हणाले. आज मी त्याच स्वयंपाकघरात आहे. घरचं छप्पर, बहिणीचं लग्न, आईचं डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं इथल्या नोकरीतून झालं. मित्राला माझी शिफारस करणारा फोन साहेबांनी देश सोडताना विमानतळावरून केला. त्याच दुपारी मी त्यांना जे सांगितलं होतं ते ऐकूनही केला. म्हणून हे लिहायला बसलो.

वहिनी आणि मुलगी जायच्या दोन दिवस आधी मी त्या घरात राहायला गेलो. मुलगी दहा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. तिने जिलबीला माझ्या हातांवर ठेवलं. मी तिला दोरीसारखं मधोमध धरलं.

"सपोर्ट हर, अंकल. लाइक धिस." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "प्रॉमिस मी यू विल टेक केअर."

मी म्हटलं, "प्रॉमिस." इंग्रजीतलं वचन मी आयुष्यात पहिल्यांदा दिलं.

साहेब पक्के शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का हे तीनदा विचारणारे. चातुर्मासात कांदा-लसूण बंद. आणि हाच माणूस दर दहा दिवसांनी चिमट्यात उंदीर धरून अजगरापुढे हलवायचा. उंदीर मेलेले, बर्फात गोठवलेले, पाकिटातून मिळायचे. त्यांच्यासाठी वहिनींनी स्टोअररूममध्ये वेगळा फ्रीझर ठेवायला लावला होता आणि त्यावर स्वतःच्या हाताने "औषधे" अशी चिठ्ठी चिकटवली होती. मी एकदा धीर करून विचारलं, साहेब, हे तुम्हाला चालतं कसं?

"मी खात नाही. तिने का सोडायचं?" ते म्हणाले. मग आंघोळ करून देवापुढे दिवा लावला.

उंदराची तयारी माझ्याकडे आली. आदल्या दिवशी तो फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडायचा. बाळाच्या दुधाची बाटली बघतात तसं पाणी मनगटावर बघायचं. मग वहिनींच्या मागे राहिलेल्या हेअर ड्रायरने उंदीर कोरडा करायचा. सापाला दिसतं कमी. त्याला कळते ती ऊब आणि वास. उंदीर जिवंत आहे असं वाटायला हवं, हे साहेबांनी मला सगळं नीट समजावलं होतं.

मी त्यात माझ्याकडून एक काम वाढवलं. मी उंदीर धुवायचो. पाकिटातून काढला की त्याला भुसा चिकटलेला असायचा, एक कुबट वास यायचा. मला ते बरं वाटेना. कुणाच्याही तोंडात जायचं ते धुऊन द्यायचं, एवढं आईने शिकवलेलं. शिवाय मुलीला शब्द दिलेला. म्हणून भांड्यांचा लिंबाचा साबण लावून, अंगठ्याने हलकेच चोळून, दोन पाण्यांतून काढून मग ड्रायर. साहेबांना हे बोललो नाही. ते स्वयंपाकघरात यायचे तेव्हा उंदीर ताटलीत कोरडा, ऊबदार, तयार. त्यांना कौतुक वाटायचं. "अहो, काय टापटीप आहे तुमची," म्हणायचे.

चकलीने पहिल्याच दिवशी गट्ट केला. जिलबी पुढे आली, जीभ बाहेर काढली, थांबली आणि मान फिरवून मागे गेली.

दहा दिवसांनी तेच. पुन्हा दहा दिवसांनी तेच.

साहेबांनी पेटीतला उबेचा दिवा बदलला. पेटी बैठकीतून बेडरूममध्ये नेली. तीन बाजूंनी काळं कापड लावलं. मोठा उंदीर आणून बघितला, मग लहान. उंदीर पेटीत ठेवून ते पाठ करून खुर्चीवर बसायचे आणि मलाही भिंतीकडे तोंड करायला लावायचे.

"बघू नका तिच्याकडे."

"साहेब, जरा तोंडाला लावून बघू का? आमच्याकडे वासराला..."

"आग्रह नाही," ते म्हणायचे. "तिला आपण विचारू शकतो. बस."

दर शुक्रवारी जिलबीचं वजन व्हायचं, कणीक मोजायच्या काट्यावर, भांड्यात बसवून. आकडा वहीत. आकडा उतरतच होता. कण्यापाशी कातडी सैल पडायला लागली. साहेब वही मिटायचे आणि त्या दिवशी स्वतःही धड जेवायचे नाहीत.

नागपंचमीला शेजारच्या व्हिलातल्या दोन मराठी बायका तबक घेऊन आल्या. हळद-कुंकू, लाह्या, दूध. इथे वारूळ कुठलं, तुमच्याकडे साक्षात आहेत म्हणाल्या. साहेब दारातच आडवे.

"पूजा करा, पण काचेबाहेरून. हळद नको, उदबत्ती नको आणि दूध तर नकोच. ते दूध पीत नाहीत."

"अहो, एक थेंब. परंपरा आहे."

"परंपरा तुमची आहे ना? मग दूध तुम्ही प्या."

एकीला राग आला, दुसरीला हसू. हसणारीने काचेतून जिलबीकडे बघितलं आणि म्हणाली, "ही किती वाळली हो. खात नाही?"

"दोन महिने."

"बाई गं! उपास असेल."

दोघी गेल्यावर साहेब म्हणाले, "उपासाला काही कारण लागतं." त्यांनी कारण शोधलं ते असं: घरातली माणसं गेली त्याच आठवड्यापासून ही खात नाही. जिलबी मुलीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिच्या हाताचा वास गेला, म्हणून भूक गेली. मला ते पटलं. मी त्याच आठवड्यात आलो होतो, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

एका रविवारी पुण्याला फोन लागला असताना मुलीने विचारलं, जिलबी कशी आहे. साहेब सरळ माणूस. खोटं बोलवेना. हसत हसत म्हणाले, "तू गेलीस ना, म्हणून रुसलीय. तुझ्यासाठी जेवत नाही बघ."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग वहिनींचा आवाज आला, "अहो, हे काय बोललात तुम्ही तिला?"

त्यानंतर मुलगी फोनवर येईना. दर रविवारी साहेब विचारायचे, "आहे का ती?" आणि वहिनी सांगायच्या, "आहे, पण येत नाही म्हणते. परवा मला विचारत होती, आपण गेलो नसतो तर जिलबी जेवली असती ना?" साहेब फोन ठेवून पेटीपाशी जाऊन उभे राहायचे. एकदा मी त्यांना पेटीशी बोलताना ऐकलं. "बाईसाहेब, माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी खा हो." आयुष्यात आग्रह न केलेला माणूस.

ऑक्टोबरात त्यांच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र पडलं. व्हिसा रद्द झाला की तीस दिवसांत देश सोडायचा. ऑफिसातून परत आले ते नेहमीसारखेच वाकून म्हणाले, "काय बाईसाहेब, आज बेत काय?" आणि तसेच वाकलेले राहिले. मी पाणी आणून ठेवलं. मला माझी काळजी होती, खोटं कशाला सांगू. त्यांचं छप्पर गेलं की माझंही गेलं. मित्राकडे नाव टाकलं होतं, पण तिकडून अजून हो नव्हतं.

सापांना विमानातून नेता येणार नव्हतं. चकलीला एका शाळेतल्या मास्तरांनी नेलं. जिलबीसाठी अबुधाबीतल्या एका प्राण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार मलबारी, चांगला माणूस, पण स्पष्ट.

"खाता है तो लेगा, साब. नहीं खाता, तो मेरे पास आके मरेगा. मेरे को वो पाप नहीं मंगता."

"और कोई नहीं लेगा?"

"नहीं खाने वाला साँप कौन लेगा? डॉक्टर के पास ले जाओ. एक इंजेक्शन. खलास."

परतताना गाडीत साहेबांनी एकदाच तोंड उघडलं. "तिला काय सांगू मी? मुलीला?"

जिलबीच्या पुढच्या जेवणाच्या दिवशी घरातला साबण संपला होता. साहेबांचा पगार थांबलेला. एक साबणाची बाटली मागायला माझी जीभ रेटेना. उंदीर नुसता पाण्याखाली धरला आणि ड्रायर मारला. वास राहिलाच. मला शरम वाटली. आजच्या दिवस चालवून घे बाई, असं मनात म्हणून ताटली साहेबांच्या हातात दिली.

आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे एकदम धप्प असा आवाज झाला. साहेब वळले नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट. बऱ्याच वेळाने वळून बघितलं तर जिलबीने उंदराला विळखा घातला होता आणि डोक्याकडून गिळायला लागली होती.

साहेब रडले. मी आनंदाने रडलो असतो, पण माझं लक्ष सिंककडे गेलं, रिकाम्या बाटलीकडे. पाच महिन्यांत आज पहिल्यांदाच उंदीर साबणाविना गेला होता.

साहेबांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. "सांग तिला! खाल्लं! जिलबीने खाल्लं!" थोडं थांबले, ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. फोन ठेवून मला म्हणाले, "ती म्हणते, पप्पा मला बरं वाटावं म्हणून सांगतात. म्हणते, मग पाच महिने का नाही खाल्लं? काय सांगू? मला तरी कुठे माहीत आहे?"

मला माहीत होतं. मी पाण्याचा ग्लास उचलून आत गेलो.

दहा दिवस मी गप्प होतो. मी काही लबाड माणूस नाही, पण भीती माणसाला काय करते ते मी तेव्हा बघितलं. सांगितलं तर साहेब मित्राला काय म्हणतील? पाच महिने माझ्या घरात एक मुका जीव उपाशी मारला, असा माणूस स्वयंपाकाला घ्या? रोज सकाळी ठरवायचो, आज. रोज दुपारी वाटायचं, उद्या. दहाव्या दिवशी मी दुसरा उंदीर न धुता दिला. जिलबीने तोही खाल्ला. साहेब म्हणाले, "तुमच्या हाताला यश आहे हो." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

उंदीर पचायला चार दिवस दिले. शुक्रवारी दुपारी आम्ही जिलबीला घेऊन दुकानाकडे निघालो. तिथून साहेब तसेच विमानतळावर जाणार होते. मागच्या सीटवर त्यांच्या दोन बॅगा, माझ्या मांडीवर कापडी पिशवीत जिलबी. पिशवीतून तिची हालचाल मला पोटाला लागत होती. साहेब म्हणाले, "पुण्याला पोचल्यावर तरी बोलेल का हो ती माझ्याशी?"

मी म्हटलं, "साहेब, गाडी बाजूला घ्या."

त्यांना वाटलं मला मळमळतंय. गाडी रस्त्याकडेला थांबली. मी एका दमात सगळं सांगितलं, समोरच्या काचेकडे बघत.

साहेबांनी इंजिन बंद केलं. मग, "कुठला साबण?"

"लिंबाचा. भांड्यांचा."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. मग दोन पाण्यांतून काढायचो."

"दोन पाण्यांतून," ते म्हणाले. हसल्यासारखं तोंड झालं, पण ते हसू नव्हतं. "मी दिवा बदलला हो. कापड लावलं. आणि पोरीला सांगितलं..." पुढचं बोललेच नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला. "अगं, तिला दे. नाही येत म्हणते? तिला म्हणावं, पप्पा नाहीत, अंकल बोलणार आहेत. जिलबीचं खरं कारण सांगणार आहेत." आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"बेबी," मी म्हटलं, "तुझ्यामुळे नव्हतं. मी उंदीर साबणाने धूत होतो. म्हणून ती खात नव्हती."

"विथ सोप?"

"येस."

"लाइक, डिश सोप?"

"येस, बेबी. लेमन."

 "सो शी वॉज नॉट सॅड. शी वॉज हंग्री."

"येस."

"ऑल द टाइम?"

मला वाटलं होतं, एवढं सांगितलं की मोकळा होईन.  "हो," मी म्हटलं. "पूर्ण पाच महिने."

"इज शी देअर?"

"माझ्या मांडीवर."

"देन यू से सॉरी टु हर. यू. नॉट मी."

मी साहेबांकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते समोर बघत होते. मी पिशवीची गाठ थोडी सैल केली. आत वेटोळं होतं, डोकं दिसत नव्हतं. फोन पिशवीच्या तोंडाशी धरला, म्हणजे मुलीला ऐकू जाईल.

"सॉरी, जिलबी," मी म्हटलं. "चुकलो गं मी."

फोन परत कानाला लावला. ती नाक ओढत होती. बाजूने ट्रक गेला, गाडी हलली.

"ओके," ती म्हणाली. "नाऊ गिव्ह टु पप्पा."

साहेबांनी फोन घेतला, दार उघडलं आणि उन्हात उतरले. रस्त्यापासून दूर, वाळूत, माझ्याकडे पाठ करून ते बोलत चालत राहिले. दुकान बंद होईल, विमानाची वेळ होईल, हे मला दिसत होतं. पण मी हाक मारली नाही. पिशवीची गाठ पुन्हा बांधली आणि बसून राहिलो.